लमूनने राखून ठेवलेली नावं

लमूनने आयुष्यात एकच गोष्ट हसतमुखाने फुकट दिली, आणि तिचाच तिला सगळ्यात जास्त पश्चात्ताप झाला. ती गोष्ट म्हणजे मांजरीचं एक पिल्लू.

दिलं ते नणंदेला, जुरीला. जुरी कालव्याच्या पलीकडच्या काठावर राहायची, शाळामास्तरांच्या घरात. दोन्ही घरांचे धक्के समोरासमोर. इकडे लमूनने भात उपसला की तिकडे वास जायचा आणि तिकडे जुरी हसली की इकडे लमूनच्या कपाळाला आठी पडायची. तसं वैर काही नव्हतं. पण लमूनला हेवा वाटायला वैर लागत नसे. लहानपणी थोरल्या बहिणीला ताप आला तर सगळे तिच्या उशाशी बसतात, म्हणून ही उन्हात जाऊन बसली होती, आपल्यालाही ताप यावा म्हणून. आला नाही. त्याचाही राग तिला साठाव्या वर्षापर्यंत होता.

लमून आणि तिचा नवरा चुआम माडाचा गूळ करत. चुआम पहाटे माडावर चढून नीरा उतरवायचा, लमून चुलाणावर काहिली मांडून ती आटवायची. हात भाजलेले, केसांना कायमचा गोडसर धुराचा वास. सुरेख असं तिच्याजवळ काही नव्हतं, एक मांजरांचं कुळ सोडलं तर. लग्न होऊन नावेतून या गावी आली तेव्हा आईने मांडीवर एक टोपली दिली होती. त्यात विचियनमात या सयामी जातीची मांजरी होती. निळे डोळे, दुधाच्या सायीसारखं अंग आणि नऊ ठिकाणी काळा रंग. तोंड, दोन कान, चार पाय, शेपटी ही झाली आठ. नववी जागा कुठली ते लमून बायकांमध्ये सांगायची आणि पुरुष आले की गप्प बसायची.

ही पिल्लं जन्मतात तेव्हा कापसाच्या बोळ्यासारखी पांढरीफेक असतात. काळा रंग सावकाश, मागून येतो. त्यामुळे कोणतं पिल्लू पुढे कसं निघणार, हे त्या वेळी कुणीच सांगू शकत नाही. लमूनला मात्र वाटायचं आपल्याला कळतं. त्याच कुळातल्या मली या मांजरीला चार पिल्लं झाली, त्यातली दोन जगली. एक गुबगुबीत, एक किडकिडीत आणि शेपटीच्या टोकाला गाठ असलेली. जुरीने कधीचं मागून ठेवलं होतं. लमूनने किडकिडीत तिच्या हातात ठेवली आणि वर म्हणाली, "घे, घरच्या माणसाला नाही कसं म्हणू?"

गुबगुबीत ठेवून घेतली. तिचं नाव चमनाद ठेवलं, आईच्या रिवाजाप्रमाणे फुलाचं नाव. जुरीने आपल्या मांजरीचं नाव ठेवलं टुकता, म्हणजे बाहुली.

"बाहुली!" लमून चुआमला म्हणाली. "सात पिढ्या फुलं आणि आता खेळणं."

दीड वर्ष गेलं. चमनाद अंगाने छान भरली, पण रंग काही धरेना. तोंडावर दूध जास्त झालेल्या चहासारखा फिकटपणा, पाय तर धुतल्यासारखे. आणि पलीकडच्या धक्क्यावर, पाण्याच्या रांजणाच्या झाकणावर टुकता ऐसपैस पसरायची. तोंड, कान, पाय काजळासारखे, शेपटीची गाठसुद्धा एखाद्या दागिन्यासारखी. नावेतून जाणारे लोक वल्हं थांबवून बघायचे. एकदा भाजीवाली लमूनच्याच धक्क्याला नाव लावून म्हणाली, "त्या पलीकडच्या मांजरीसारखी एखादी तुमच्याकडे नाही का हो?" लमूनने त्या दिवशी भाजी घेतली नाही.

तिला आता झोपेत, जेवताना, गूळ घोटताना टुकताच दिसायची. जुरीने बांगडा वाफवून मांजरीला काटे काढून भरवला की ही इकडे स्वतःचा बांगडा ताटात ठेवून उठायची.

"अगं, मांजर तुझ्याच घरातली आहे ना?" चुआम म्हणाला. "चांगली निघाली तर तुझंच नाव."

"माझं नाव कुणी घेतंय का? सगळे म्हणतात जुरीची मांजर. रंग लावत असेल ती."

"मांजरीला?"

"केसांना लावते तो. मास्तरांची बायको, काही केलं तरी शोभतं."

एका दुपारी जुरी बाजाराला गेलेली बघून लमून ओलं फडकं आणि साबणाचा तुकडा घेऊन होडीत बसली. पलीकडे जाऊन टुकताला मांडीत दाबून धरलं आणि कान घासायला लागली. फडकं स्वच्छच. मग शेपटी घासली. फडकं तरीही स्वच्छ. मांजरीने मनगटावर तीन ओरखडे काढले आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"वहिनी, आंघोळ घालताय की काय?"

जुरी भाजीच्या टोपल्या घेऊन उभी होती. लमून म्हणाली, "पिसवा झाल्यात हिला. मी होते म्हणून बरं." आणि साबण तिथेच विसरून घरी आली.

खरी गाठ पडली ती प्रुंगकाकांच्या अंगणात. प्रुंगकाका देवळाशेजारी राहायचे, वय ऐंशीच्या घरात. जुन्या रक्ताचा म्हणतात तसा बोका त्या भागात आता त्यांच्याकडेच उरला होता. त्याचे दात पडायला लागले होते. काकांनी सांगितलं, "यंदा याच्यासाठी एकच मांजरी घेईन, पुढच्या वर्षी याच्यात जीव राहणार नाही." म्हणजे आईच्या मांजरांचं कुळ शुद्ध पुढे न्यायचं तर ते या वेळीच. लमून आणि जुरी दोघी टोपल्या घेऊन हजर झाल्या. दोघींनी एकमेकींना बघून केस सारखे केले.

काकांच्या अटी दोन. नऊ जागा स्वच्छ काळ्या हव्यात. आणि मालकिणीने चारचौघांत मांजरीच्या आया तोंडाने सांगायच्या, सात पिढ्या मागे. कागदाला ते मानत नसत. म्हणायचे, "कागद काय, आज लिहिला तरी उन्हात ठेवला की जुना दिसतो."

त्यांनी चमनादला उजेडात धरलं, पाय उलटेपालटे केले आणि म्हणाले, "बाई, ही पोर गोड आहे. पण काळं कुठाय?"

"येईल अजून," लमून म्हणाली.

"दीड वर्षाची आहे. आता काळं यायला काय जावयाची वाट बघते?" लोक हसले. काकांनी टुकताला उचललं आणि त्यांचा चेहराच बदलला. "ही बघा. अशी माझ्या लहानपणी असायची."

लमून पुढे सरकली. "काका, तुम्ही भले माणूस. नीट बघा. देवळात तो काळा बोका फिरतो ना, त्याचंच रक्त आहे हिच्यात. एवढा काळा रंग आपल्या मांजरांना शोभतो का?"

काका म्हणाले, "हिची आई कोण?"

"मली," जुरी म्हणाली. "वहिनींची."

"म्हणजे तुझ्या घरात असताना तुझी मली त्या काळ्याकडे गेली?" काकांनी लमूनकडे पाहिलं. "आणि चमनाद तिचीच ना? मग तिच्यातही त्या काळ्याचंच रक्त आलं."

आपण काय बोललो ते लमूनच्या आता ध्यानात आलं. टुकता दोगली म्हटली तर चमनादही दोगली, आणि आईने टोपलीतून दिलेलं कुळ तिच्याच घरात बाटलेलं.

काकांनी विचारलं, "चमनाद झोपते कुठे?"

"चुलाणाच्या खोलीत. ऊब असते, पत्रा घातलाय आता. मी तिला कधी गारठ्यात ठेवली नाही."

"आणि टुकता?"

"धक्क्यावर. पाण्याच्या रांजणावर," जुरी म्हणाली. "कितीदा आत नेली, ऐकतच नाही."

"तुझ्या आईच्या वेळची चुलाणं उघड्यावर असायची, लमून. या जातीचा काळा रंग गारव्यात उतरतो, उबेत फिका पडतो. तू लाडाने पोरीला गोरी करून ठेवलीस. रक्त दोघींचं एकच आहे. पण मी आज डोळ्यांना दिसेल तेच घेणार. कुणी मागाहून विचारलं तर काय सांगू, चुलाणाजवळ झोपायची म्हणून?"

मग ते जुरीकडे वळले. "सांग आया."

जुरी म्हणाली, "मली." आणि थांबली. "मलीची आई... पिकुल?"

"पुढे?"

जुरीने लमूनकडे पाहिलं. लमून पाटावर बसून चमनादच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिने पिल्लू दिलं होतं, नावं दिली नव्हती. जुरीने एकदा विचारलं तेव्हा म्हणाली होती, "बाहुलीला कशाला हव्यात आज्या?"

"नावं नसतील तर बोका आतच राहील," काका म्हणाले आणि काठी टेकत उठायला लागले.

लमूनला बरं वाटलं. खोटं कशाला, खूपच बरं वाटलं. जुरीचा चेहरा पडलेला तिने एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पाहिला. ती तो सुपारीसारखा चघळत बसली. पण काकांची काठी दारापर्यंत गेली आणि तिला दिसलं, की ही काठी आत गेली की मलीच्या पुढे कुणीच नाही. चमनादला घेणार नाहीत, टुकताला नावं नाहीत, आणि पुढच्या वर्षी बोका नाही.

"थांबा," ती म्हणाली. उठलीच नाही, बसल्या जागेवरून एका दमात बोलली. "चंपाची कन्निका, कन्निकाची सारफी, सारफीची बुन्नाक, बुन्नाकची लमदुआन, लमदुआनची पिकुल, पिकुलची मली. झाल्या सात."

"आणि मलीची?" काका म्हणाले. "मांजरीपर्यंत आणावं लागतं, बाई."

लमूनने जुरीकडे पाहिलंच नाही. फुलांच्या रांगेत ते खेळणं ठेवायला तिची जीभ जड झाली. शेवटी म्हणाली, "मलीची टुकता." आणि लगेच, "नाव माझं नाही, हिने ठेवलंय."

काकांनी बोका बाहेर आणून टुकतासोबत पिंजऱ्यात सोडला. जुरी डोळे पुसत पिंजऱ्याजवळच्या चटईवर बसायला गेली.

"तिथे कुठे बसतेस?" लमून म्हणाली. "ती माझ्या माहेरची पोर आहे. मुलीकडची माणसं पुढे बसतात."

"वहिनी, मांजर माझी आहे."

"मांजर तुझी. कुळ माझं. सरक."

जुरी सरकली, पण थोडीशीच. लमूनने कोपराने उरलेली जागा करून घेतली, मनगटावरचे ओरखडे पदराखाली झाकले, आणि काकांना विचारलं, मुलीकडच्यांना चहा मिळणार आहे की नाही.