दातांच्या डॉक्टरवर माझा दात

माझी ताई दातांच्या दवाखान्यात कामाला होती. डॉक्टर नव्हती, नर्स पण नव्हती. खुर्चीशेजारी उभं राहायचं, पेशंटच्या गळ्यात कापड अडकवायचं, चूळ भरायला पेला द्यायचा, आणि दातात भरायची चांदी कालवून द्यायची. गल्लीत सगळे तिला चांदीबाई म्हणायचे. दुकानात गेली की कोणी ना कोणी म्हणणारच, काय चांदीबाई, तुमची तर चांदीच चांदी. ती म्हणायची, हो ना, रोज लोकांच्या तोंडात घालते, माझ्या ताटात काही पडत नाही.

नवरा सोडून गेला तेव्हा पोरगी तिच्या कडेवर होती. माझ्या शेजारची खोली घेतली. मधली भिंत इतकी पातळ की तिनं कूस बदलली तरी मला कळायचं. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात काही ठेवायची नाही. घरमालकानं एकदा पाणी तोडलं तर ही बादली आणि कपडे घेऊन त्याच्याच दारात धुवायला बसली. म्हणाली, साबण माझा, पाणी तुमचं. दुपारपर्यंत नळ चालू. अशी बाई. ही शेवटी शेवटी दारावर कोणी आलं तरी पडद्यामागं जाऊन उभी राहायची, हे कोणाला सांगून खरं वाटेल का?

चांदी कशी करायची ते मला तोंडपाठ आहे, रोज ऐकायचे ना. एका बाटलीतून भुकटी, दुसऱ्या बाटलीतून चांदीचं पाणी. डॉक्टर त्याला चांदीचं पाणीच म्हणायचा. काचेच्या छोट्या खलात घोटायचं, मग फडक्यात घालून पिळायचं, म्हणजे जास्तीचं पाणी मणी मणी होऊन बाहेर येतं. उरलेला गोळा तळहातावर मळायचा, मऊ होईपर्यंत. उघड्या हातानं. हातमोजे डॉक्टरला, हिला नाही. मणी खाली पडून गालिच्यात शिरायचे, ही रोज झाडूनं काढायची, तरी संपायचे नाहीत, एकाचे चार व्हायचे. खिडक्या एसीसाठी कायमच्या बंद. फुकटची थंड हवा मिळते म्हणून ताई खूश होती.

आधी तोंडाला चव लागेना. म्हणायची, सारखं नाणं चघळल्यासारखं वाटतंय. मग हिरड्यांतून रक्त, मग दात हलायला लागले. दातांच्या दवाखान्यातली बाई आणि हिचेच दात हलतात. डॉक्टर म्हणाला, दिव्याखाली अंधार. आणि हसला. तो माणूस लोकांचे दात काढायचा आणि वर स्वतः दात काढायचा.

मग थरथर सुरू झाली. आधी पापण्या, मग बोटं, मग ओठ. चहा अर्धा बशीत. झोप नाही. रात्रभर भिंतीपलीकडं कुशी बदलणं चालू. आणि राग असा यायचा की लेकीला चमचा पडला म्हणून मारलं, मग स्वतःच रडत बसली. आम्ही घरात म्हणायचो, आज ताईचा पारा चढलाय. भाची पण यायची, मावशी, आईचा पारा चढलाय, मी इथंच जेवते. रोज म्हणायचो आम्ही. रोज. खरं तेच बोलत होतो आणि आम्हालाच कळत नव्हतं.

फडक्यातून पिळलेलं ते पाणी आणि खाली सांडलेला चुरा ती एका औषधाच्या बाटलीत साठवायची. चांदी वाया कशी घालवायची? डॉक्टरनं एकदा बघितलं आणि म्हणाला, साठव बाई साठव, पाणी उडून गेलं की खाली चांदी राहते. त्याची चेष्टा झाली. हिनं मनाशी गाठ मारून ठेवली. पोरीला अंगठी करायची होती.

एका दुपारी पोरगी घरी नव्हती, मी कामावर. ताईनं बाटली जुन्या कढईत ओतली आणि स्टोव्हवर ठेवली. वाऱ्यानं ज्योत विझायला लागली म्हणून दार खिडकी लावून घेतली. पाणी उडवायचं होतं ना. उडालं. कढईच्या तळाला राखाडी खरवड राहिली, तेवढी खरंच चांदी. ती मला दाखवायला आली तेव्हा खोकत होती. संध्याकाळी अंगात ताप, श्वास पुरेना. ओठ निळे.

मोठ्या दवाखान्यात विचारलं, काय झालं, कशाचा धूर गेला का? मी म्हटलं, चांदी तापवत होती. चांदीनं काही होत नाही, म्हणाले. न्यूमोनियाची औषधं सुरू केली. मी चांदीच म्हणत राहिले. मला दुसरा शब्द कोणी शिकवलाच नव्हता. मग एक डॉक्टरीण होती, ती ताईच्या हाताकडं बराच वेळ बघत बसली. हिरड्या बघितल्या. मला बाहेर बोलावलं आणि विचारलं की ती चांदी पातळ होती का, मणी व्हायचे का, हातात घेतली की पळायची का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "अहो, तो पारा आहे."

तिनं सगळं समजावलं मला. पारा साध्या हवेत पण थोडा थोडा उडतो, दिसत नाही, वास येत नाही. बंद खोलीत रोज श्वासातून आत जातो, रक्तात, तिथून मेंदूत, मूत्रपिंडात. थरथर, राग, विसरणं, माणसांना लाजणं, हे सगळं त्याचंच. तापवला की एकदम वाफ होते आणि छाती जळते. झाडूनं झाडला की आणखी पसरतो. ज्याच्या दातात ती चांदी बसलीय त्याला तेवढं भ्यायचं कारण नाही, पण जो उघड्या हातानं रोज कालवतो आणि ती हवा घेतो त्याचं काही खरं नाही. तोवर फार उशीर झाला होता. ताई गेली.

तो दातांचा डॉक्टर आला भेटायला. घरच्यांनी त्याला खुर्ची दिली बसायला, आमचीच माणसं ती. घर भरलेलं, भाची माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली, आणि हा सगळ्यांच्या समोर म्हणतो, "डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं हो तिचं. नाही तर घरात असलं कोणी तापवतं का?" सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांनी पण तिला पडद्यामागं लपताना बघितलं होतं ना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हा ठरवलं. याच्याच तोंडून, याच्याच पेशंटसमोर वदवून घ्यायचं की ताई वेडी नव्हती, तिला पारा लागला होता. दुसरं काही नको मला. लोक म्हणाले भरपाई माग. मी म्हटलं, मेलेल्या बाईला वेडी ठरवलं त्याची भरपाई कोणत्या दुकानात मिळते?

मी इस्त्रीच्या दुकानात काम करते. सकाळचा गठ्ठा संपला की त्याच्या दवाखान्यात जाऊन बसायचे, पेशंटच्या बाकावर. शेजारचा विचारायचा, तुमचा कुठला दात? मी म्हणायचे, माझा दात डॉक्टरवर आहे. आणि सगळं सांगायचे, पहिल्यापासून. काही जण उठून जायचे. एका काकांनी घाबरून विचारलं की माझ्या दाढेत चांदी आहे, मला काही होईल का? मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, मला काय विचारता, आत विचारा. डॉक्टरनं मला दोनदा बाहेर काढलं. मग मी फुटपाथवर बसून सांगायला लागले. चोर तो चोर आणि वर पोलिसांना फोन. पोलीस आले, चहा पिऊन गेले.

ताईच्या जागी एक नवी बाई लागली होती, माझ्याच वयाची. तिला गाठलं आणि तिची बोटं बघितली. तिला म्हटलं, बाई, धुणीभांडी कर, पण इथून पळ. ती महिना भरल्यावर सुटली. जाताना मला सांगून गेली की डॉक्टरचाच हात हलतो. ड्रिल सरकून एकाच्या जिभेला लागलं. परवा तिच्यावर खल फेकला आणि नंतर तिचं नाव आठवेना.

मला हसू आलं. वाईट वाटलं असेल म्हणाल तर नाही. पोट भरून हसले. खिडक्या त्यानं बंद केल्या, गालिचा त्याचा, आणि हवा काय मालक नोकर बघते का?

मग तो स्वतः दुकानात आला. मी एकाची पँट करत होते, इस्त्री खाली ठेवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला 'तुम्ही' म्हणाला. तपासण्या करून आला होता, रक्तात लघवीत पारा निघाला होता. म्हणाला, मी परदेशी गेलो होतो तेव्हा दवाखाना बंद होता, तेव्हा तुमच्या ताईचा हात कसा होता? कंप कमी झाला होता का?

त्याचं काम कळलं का तुम्हाला? हात हाच त्याचा सगळा धंदा. मोठे डॉक्टर म्हणत होते बरा होईल, नाही पण होईल, सांगता येत नाही. ताईचं त्याला खरं कोण सांगणार? तेव्हा तिच्याजवळ फक्त मी होते.

मी म्हटलं, "आधी तुमच्या पेशंटसमोर सांगा तिला काय झालं होतं. मग मी सांगते."

तो म्हणाला, दवाखाना बंद पडेल माझा. मी पँट उलटी केली आणि दुसरा पाय करायला घेतला. तो निघून गेला.

आठवड्याभरानं बोलावणं आलं. भाचीला घेऊन गेले, ताईची पोरगी, तिनं ऐकायला हवं होतं. बाक भरलेला. तो आतून आला, हात खिशात, आणि म्हणाला की इथं काम करायच्या त्या बाई वेड्या नव्हत्या, त्यांना माझ्या दवाखान्यातल्या पाऱ्यानं विषबाधा झाली होती, आणि मी त्याला चांदी म्हणत राहिलो. आत खुर्चीतली एक बाई गळ्यातलं कापड काढून उठली. भाची माझा हात घट्ट धरून होती.

मग तो माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, "आता सांगा. कमी झाला होता ना?"

मी म्हटलं, "आठवत नाही, डॉक्टर."

आणि पोरीला घेऊन जिना उतरले. वरून तो 'अहो, अहो' करत होता. भाची म्हणाली, मावशी, तू कबूल केलं होतंस. मी म्हटलं, केलं होतं.

कोणी म्हणेल शब्द मोडला, पाप लागेल. लागू दे. तुमच्यापैकी कोणी सोनाराकडं, दवाखान्यात, थर्मामीटरच्या कारखान्यात पाऱ्याचं काम करत असेल तर तुम्हाला सांगते. कमी झाला होता. त्या सुट्टीत ताई रात्रभर झोपायची, माझी सुई ओवून द्यायची, पहिल्या झटक्यात. लवकर सोडलं तर कमी होतो. सोडा. हे त्याच्या वाचनात आलं तर येऊ दे, मी काही पाठवणार नाही.