हिरव्या शाईतला शेरा

हिरव्या शाईच्या पेनाचं झाकण उघडलं की मला राजूरची ती ओसरी आठवते. नोकरीला बारा वर्षं झाली होती, वरची वेतनश्रेणी लागायची होती, आणि नेमका एका वर्षाचा गोपनीय अहवाल कोरा निघाला. ज्या साहेबांनी तो लिहायचा, ते रिटायर होऊन राजूरला राहत होते. त्याच वर्षी त्यांनी मला खोट्या हजेरीबद्दल लेखी ताकीद दिली होती, त्यामुळे मारेगावहून बसमध्ये बसलो तेव्हापासून ते काय लिहितील याचाच हिशोब करत होतो. ओसरीतल्या खुर्च्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर जवळच्या खाणीतल्या कोळशाची बारीक काळी धूळ बसलेली. साहेबांच्या पत्नीने, काकूंनी, पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, "मानसं नाही ओळखत आता ते. लिहितात मात्र अजून चांगलं." तिथूनच परत फिरायला हवं होतं. मी फॉर्म साहेबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी खिशातलं हिरव्या शाईचं पेन काढलं, माझ्या नावावर बोट ठेवून वाचलं, शेऱ्याच्या रकान्यापाशी थांबले आणि मलाच विचारलं, "ह्या मानसाले ओळखता का तुम्ही? कसा हाये?" काकू माझ्याकडे पाहून राहिल्या होत्या. "चांगला हाये, साहेब." "इमानदार?" "हो." त्यांनी वळणदार अक्षरात तसंच लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. आता दुसऱ्यांचे अहवाल मी लिहितो. कोणाला ताकीद दिलेली असली, तर ती अहवालात लिहायला मी कधीच विसरत नाही. ऑफिसात मला फार कडक साहेब म्हणतात.