फक्त चाळीस तास उडालेलं विमान

हसणार नाही असं कबूल करा, तरच सांगतो. लातुरात फिजिक्स शिकवणाऱ्या या माणसानं एकदा विमान विकत घ्यायचं ठरवलं होतं! हाव, विमान!

भूकंपानंतरची ती वर्षं. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघालेले, आणि मी तर नांदेडलाही शाखा काढून बसलेलो. सकाळी इथं, दुपारी तिथं, मधे यष्टीचे हादरे. अशात कळलं, एका माळावरच्या धावपट्टीवर दोन जुनी, दोन सीटची विमानं विकायची आहेत. एका सीटवर पगारी वैमानिक, दुसरीवर मी, झालं! ट्रॅक्टरचे मिस्त्री रशीदमामू सोबत घेतले आणि निघालो.

पहिलं विमान शिकाऊ वैमानिकांचं. रंग उडालेला, सीट फाटलेली, बाराशे तास उडालेलं. दुसरं मात्र पांढरंशुभ्र! मालकानं अकरा वर्षांत फक्त चाळीस तास उडवलेलं. अहो, जुनी जीप घेताना आपण काय शोधतो? डॉक्टरची गाडी! घर ते दवाखाना, बस्स. ही तर डॉक्टरचीच गाडी, वर पंख लावलेली!

इंजिन चालवून बघितलं. मग मामूंनी त्यातलं तेल पांढऱ्या फडक्यावर घेऊन उन्हात धरलं.

"सर, तेलात चमकी हाय."

"नवंच आहे हो, चमकणारच!"

"आवो, लोखंडाची चमकी हाय ती. आतून खरवडून राह्यलंय. ते दुसरं घ्या. रोज चालतंय, येळच्या येळी तेल बदलल्याचं वहीत लिवलंय."

मी चिडलो. ट्रॅक्टरवाला मला इंजिन शिकवणार? तिथंच माळावर घर्षणाचा अख्खा धडा घेतला. चाललं नाही म्हणजे घासलं नाही, घासलं नाही म्हणजे झिजलं नाही! मी धावत एसटीडी बूथवर गेलो आणि नांदेडच्या शाखेत ओरडलो, "सोमवारी विमानानंच येतो! सगळ्यांना सांगा!"

शनिवारी तपासणीला विमानाचे इंजिनिअर आले. सिलिंडर उघडला, तर आत हा गंज! इंजिन वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं की आतलं तेल ओघळून जातं आणि लोखंड ओल धरून गंजतं; मग चालवलं की तोच गंज आतून खरवडतो, म्हणे.

"हे वर चढलं असतं हो," ते म्हणाले. "पण तिथं बंद पडल्यावर धक्का मारायला कोण आलं असतं?"

मी हळूच विमानापासून दोन पावलं मागं सरकलो, खरं सांगतो.

"पसंत कुणी केलं हे?"

मी निर्लज्जासारखा मामूंकडं बघायला लागलो.

"हाव साहेब, चूक माजीच," मामू म्हणाले. "इंजन बघाया निगालो तवा सरांना घरीच ठिवायचं व्हतं."

सोमवारी मुकाट्यानं यष्टीनं नांदेडला गेलो. क्लासच्या गच्चीवर ही गर्दी! पोरं, पालक, हार, ढोल, आणि सगळ्यांच्या माना वर. मी जिना चढून मागं जाऊन उभा राहिलो. घसा खाकरला.

"अहो, जरा ऐका..."

"शूऽऽ! सरका की बाजूला!" एक पालक मागं न बघताच खेकसले. "सरांचं इमान येऊन राह्यलंय!"

खोटं कशाला बोलू? मीही वर बघायला लागलो.