गोराईची हिरवळ आणि नानाचं अळू

मंडळाच्या फळ्यावरचा सुविचार पुसून मी हे लिहितेय. वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

माझा थोरला भाऊ नाना गिरणी बंद पडल्यापासून बोलत नाही. खाडीपलीकडे गोराईच्या आश्रमात अशा माणसांना शेतीकाम देतात. नानाने तिथे अळू लावलं होतं. रोज स्वतः पाणी घालायचा.

आज सकाळी भेटायला गेले, तर अळू गायब. कुणी मोठे साहेब आले आणि म्हणे 'मनःशांतीची बाग' आखून गेले. वाफे उखडून हिरवळ केली, मधोमध कारंजं. आणि आमची माणसं कडेच्या बाकांवर ओळीने बसवलेली.

साहेब आज पाहणीला आलेच होते. मला म्हणाले, "यांना नुसतं बघू द्या बाई. हिरवा रंग हेच औषध." स्वतः काळा गॉगल लावून. या शहाण्याने नकाशा काढण्याआधी एकालाही काही विचारलं नव्हतं.

नाना उठला. मूठभर हिरवळ उपटून त्याने साहेबांपुढे धरली. "ह्या कोण खातलो?"

त्याचा आवाज मी विसरलेच होते. साहेब वॉचमनला म्हणाले, "याला जागेवर बसवा."

रविवारी मी अळूचे कंद घेऊन पहिल्या होडीने जातेय. कुदळ घेऊन कोण कोण येतंय? खाली नाव लिहा.