शालनमावशींना दिसलेला मासा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या बहिणीला तर नाहीच — का नाही, ते पुढे कळेल. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या खुर्चीत आ करून बसायची वेळ तुमच्यावर आलेली नाही. मी दातांचा डॉक्टर आहे. बारामतीत दवाखाना आहे, चांगला चालतो. लोक मला सज्जन माणूस म्हणतात, आणि या शब्दाचा हल्ली मला संताप येतो.

आधी माशाचं सांगतो. मुद्द्यावर यायला मला जरा वेळ लागणार आहे, सांभाळून घ्या.

पुण्यातल्या एका दुकानातून मी तो आणला तेव्हा बोटाएवढा होता. लाल शेपटीचा कॅटफिश. काळी पाठ, कुशीला पांढरा पट्टा, तोंडाला लांब मिशा आणि शेपूट लालभडक. दुकानदार म्हणाला, मासा टाकीएवढाच वाढतो, साहेब, काळजी करू नका. — आता मला सांगा, हे कुणाला पटेल? वासरू काय गोठ्याचं माप घेऊन वाढतं? मी जबड्याची हाडं शिकलेला माणूस, वाढ कशी होते हे परीक्षेत लिहून पास झालेला. तरी मी मान डोलावली, कारण मला तो मासा हवा होता. त्या दुकानदारावर मी पुढे कित्येक वर्षं चिडत राहिलो. चिडायला तो बरा होता, लांब होता.

दीड-दोन वर्षांत चार फुटी टाकी गेली आणि वेटिंगमधली अख्खी भिंत अडवणारी आठ फुटी आली. सोबतीला ठेवलेले बाकीचे मासे त्यानं एकेक करून गिळले. संध्याकाळी सहाला मी त्याला बांगडे घालायचो, तेव्हा सुजलेले गाल एका हातानं धरून पेशंट दुसऱ्या हातानं शूटिंग करायचे. भवानीनगरहून, इंदापूरहून माणसं पोराबाळांना घेऊन नुसता मासा बघायला यायची. मासेवाले डॉक्टर म्हणायचे मला. मला ते फार आवडायचं — आता काय लपवायचं?

आणि माशाला वळता येत नव्हतं. मासा अडीच फुटांचा, टाकीची रुंदी दोन फूट. टोकाला जाऊन, अंग दुमडून, कसाबसा फिरायचा. काचेला घासून घासून नाक सोललं होतं. इतकी माणसं रोज बघत होती, मी स्वतः बघत होतो. बोललं एकच माणूस.

शालनमावशी शेळगावच्या. माझ्या बहिणीचं सासर तिथलं. दाजींची डाळिंबाची बाग आहे आणि बागेसाठी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं मोठं शेततळं. मावशींचं घर त्या तळ्याला लागूनच. एकदा त्या दाढ काढायला आल्या होत्या. नंतर तोंडात कापूस धरून टाकीसमोर बसल्या, चांगल्या तासभर बसल्या, आणि जाताना कापसासकट म्हणाल्या, "बिचाऱ्याला वळता बी येत न्हाय, डॉक्टर." मी हसलो. हे वाक्य लक्षात असू द्या. मी ते पुढे वापरलंय.

शेवटी मासा मलाच नकोसा झाला. दुकानदार परत घेईना. मोठ्या मत्स्यालयात विचारलं, तिथंही नको म्हणाले. असे पोसून कंटाळा आलेले मासे घेऊन म्हणे रोज कुणीतरी येतं. मारायचा म्हटलं तर हात धजेना. दिवसभर माणसांचे दात उपटणारा मी, आणि एका माशाला भ्यालो — या भेकडपणाला मी तेव्हा दया म्हणत होतो.

मे महिन्यातला रविवार होता. ताई आणि दाजी लग्नाला गेलेले, शालनमावशी आठवडी बाजाराला. हे सगळं मी आधी फोनवर गोड बोलून काढून घेतलं होतं. भर दुपारी मासा ओल्या चादरीत गुंडाळला, थर्माकोलच्या पेटीत घातला आणि शेळगावला नेला. बांधावर चिटपाखरू नव्हतं. चादर उलगडून त्याला पाण्यात सोडला. तो क्षणभर तिथंच थांबला, मग सबंध अंगानं वळला आणि खाली गेला. मला भरून आलं. आपण फार मोठं काहीतरी केलं असं वाटलं मला! घरी येऊन मुलांना सांगितलं, मासा मेला, नारळाखाली पुरला. मुलं रडली. त्यांनी नारळाच्या बुंध्याशी जास्वंदीची फुलं ठेवली आणि मी शेजारी हात जोडून उभा राहिलो.

आता त्या तळ्यात आधीपासून काय होतं ते सांगतो — आणि मला ते माहीत होतं, हेही इथंच लिहून ठेवतो. तळ्यात मावशींचे मासे होते. रोहू आणि कटला. पाणी दाजींचं, पिल्लं आणि राखण मावशींची, निघेल तो माल निम्मा-निम्मा. रोज सकाळी त्या कोंडा आणि पेंड घेऊन बांधावर जायच्या, ताट वाजवायच्या, की सगळं तळं वर यायचं. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, कौतुकही केलं होतं. गावातल्या बचत गटाच्या बायकांना त्या सांगायच्या, माझं एवढं एक साल नीट जाऊ द्या, पुढच्या साली आपण गटाचं तळं करू. त्यांच्या शब्दावर त्या बायका थांबल्या होत्या. आणि मी काय केलं? कोंबड्यांच्या खुराड्यात मुंगूस सोडलं आणि वर डोळे पुसले.

पावसाळा सरता सरता ताट वाजवलं तरी पाणी हलेना. दिवाळीनंतर जाळं ओढलं, तर चार-दोन मासे हाती लागले. माझा मासा तळाला चिकटून बसणारा, जाळं त्याच्यावरून गेलं असणार. दाजींना वाटलं, मावशींनी मासे काढून परस्पर विकले. मावशी शपथेवर सांगत होत्या, पाण्यात काहीतरी आहे. मग दाजींचा मला फोन आला — डॉक्टर, तुमी माशांतलं जाणकार, एकदा येऊन बघून जावा.

बांधावर सगळे जमले होते. दाजी, ताई, जाळंवाले दोघं, शेजारपाजारची चार माणसं, मागं गटातल्या बायका. मला बघून मावशींचा चेहरा उजळला. हो, उजळला. त्यांना वाटलं, आता कळणारं माणूस आलं.

"म्या सोताच्या डोळ्यानं बगितलंय, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पायपाच्या तोंडाशी आला हुता. शेपूट लालभडक. हितं असा पांढरा पट्टा. आन् मिशा ह्या एवढ्या." मिशा दाखवून झाल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी माशाची लांबी दाखवली. माझ्या अंदाजापेक्षा वीतभर जास्त होती. तो वाढला होता.

दाजी म्हणाले, "तुमच्याकडं हुता तसाच की वो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. किती सोपं होतं ते! एक हो म्हणायचं होतं. दाजी चार शब्द बोलले असते, ताई महिनाभर रुसली असती, मुलांपुढं मान खाली गेली असती. यापलीकडे माझं काय जाणार होतं? दवाखाना जाणार होता का? मी म्हणालो, माझा मासा मेला, मुलांनी फुलं वाहिली त्याला. म्हणालो, आपल्याकडच्या पाण्यात असा मासा नसतो. इथं थांबलो असतो तर मी नुसता खोटारडा ठरलो असतो. मी थांबलो नाही. मी म्हणालो, "ही बाई दाढ काढायला आली होती, तेव्हा तासभर माझ्या टाकीसमोर बसली होती. माशाला वळता येत नाही म्हणून हळहळत होती. तेच डोक्यात बसलं असेल तिच्या."

ही बाई. एरवी मावशी म्हणणारा मी, त्या दिवशी ही बाई म्हणालो.

बघितलंत? त्या एकट्या माणसानं माझ्या माशाची कीव केली होती, आणि मी ती कीव उचलून त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून मांडली. कुणीही म्हणालं नाही, की डॉक्टर, नारळाखाली उकरून दाखवा. का म्हणतील? माझा शर्ट इस्त्रीचा होता. मला अजून चीड येते, त्या माणसांचीही येते — माझ्यावर विश्वास ठेवायला त्यांना काही लागलं नाही, आणि मावशींवरचा काढून घ्यायलाही काही लागलं नाही. पण ती चीड सोयीची आहे, हेही मला कळतं. बोललो मी होतो. मावशींनी माझ्याकडे बघितलं, "बरं" म्हणाल्या, आणि ताट काखेत मारून घरी गेल्या.

राखण गेली. गटाचं तळं झालंच नाही. गावात मावशींचं नाव लालशेपटी पडलं. गिरणीवर दळण घेऊन गेल्या तरी कुणीतरी म्हणायचं, लालशेपटी आली, मासे सांभाळा. माझ्या ताईच्या तोंडूनही मी ते नाव ऐकलं, तिच्याच ओट्यावर चहा पीत, आणि मी हसलो.

जानेवारीच्या थंडीत दाजींचा फोन आला. एकटेच या, म्हणाले. मासा पोट वर करून पाण्यावर तरंगत होता. आपल्याकडची थंडी त्याला सोसली नसणार. तीन फुटांच्या पुढं गेला होता. दाजी माशाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मला वाटलं, हा माणूस आता माझी गचांडी धरेल. धरावी असंही वाटलं. ते म्हणाले, "खोरं घिऊन येतो." डाळिंबाच्या दोन ओळींच्या मध्ये आम्ही तो पुरला. तिथून मावशींच्या घराचं दार दिसत होतं, उघडंच होतं. चाळीस पावलंही नसतील. आम्ही हात धुतले आणि ताईनं केलेला चहा प्यायलो. त्या दिवसापासून दाजी आणि मी या विषयावर एक शब्द बोललेलो नाही. त्यांच्या नावानं बोटं मोडून बघितली मी. पण मासा काही त्यांनी आणला नव्हता.

आता जे मुळात सांगायचं होतं ते. इतका वेळ मी त्याच्याभोवतीच फिरतोय.

मागच्या महिन्यात शालनमावशी दवाखान्यात आल्या. मधे बरीच वर्षं गेली आहेत. दात सगळे गेलेत, कवळी करायची होती. टाकीच्या जागी आता टीव्ही आहे. त्या आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि मी हातमोजे चढवत असताना म्हणाल्या, "डॉक्टर, मागं म्या तुमाला लई अवघड केलं. शिबिरात डोळं तपासलं, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. तवाच म्हणलं, त्येच आसणार. उगं तुमच्या माशाचं नाव घेतलं म्या. मनात ठिवू नगा."

इतकी वर्षं सगळं गाव हसत असताना त्यांच्याजवळ एक गोष्ट शिल्लक होती — आपण पाहिलं ते खरं होतं, ही. तीही त्यांनी स्वतःच्या हातानं टाकून दिली होती, आणि वर माझी माफी मागत होत्या.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "असू दे, मावशी. वयानं होतं असं. मी कधीच विसरलो."

म्हणजे मी त्यांना माफ केलं.

मग कवळीच्या मापाचा मसाला कालवून त्यांच्या तोंडात बसवला. तो घट्ट होईपर्यंत पेशंटला बोलता येत नाही. डॉक्टरला येतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, बाहेर टीव्ही चालू होता. मावशी माझ्याकडे बघत होत्या, ऑपरेशन होऊन लख्ख झालेल्या डोळ्यांनी. मी घड्याळाकडे बघत उभा राहिलो. वेळ झाल्यावर माप काढून घेतलं, चूळ भरायला पाणी दिलं आणि पुढच्या मंगळवारी या म्हणालो. त्या आल्या. कवळी नीट बसली आहे.

शेपूट लाल होतं. कुशीला पांढरा पट्टा होता. मिशाही त्यांनी दाखवल्या तेवढ्याच लांब होत्या.