यमुनाबाईंचा अंगठा आणि पान चौदा

जठारपेठेत मित्राच्या घरी सकाळचा चहा घेऊन मी अकोटची एसटी धरली, तेव्हा माझ्या पिशवीत एक आराखडा होता. अकोटजवळच्या जुन्या रेशीम कारखान्याचे पर्यटनकेंद्र व्हावे म्हणून तो मीच पुण्यात बसून लिहिला होता, कारखाना न पाहता. आता पाहायला निघालो होतो. क्रम उलटा झाला, हे कबूल करतो.

दोन्ही बाजूंना काळ्या मातीत कपाशी आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. अकोटच्या स्टँडवर कढी-आलूबोंडा खाल्ला. कढीचा एक थेंब सदऱ्यावर पडला आणि दिवसभर सोबत राहिला.

कारखाना देखणा झाला आहे. विटा घासून लाल केल्या आहेत, धुराड्याला दिव्यांच्या माळा आहेत. जिथे कोष (रेशमाच्या अळीचे घर) उकळताना नाक धरावे लागे, तिथे गुलाबाचा सुगंध सोडणारे यंत्र आहे.

दारात साठीच्या यमुनाबाई आधारशी जोडलेल्या हजेरीच्या मशीनवर अंगठा दाबत होत्या. इथेच त्यांनी उमेदीची सगळी वर्षे धागा काढला. पर्यटकांना तेच दाखवण्यासाठी त्यांची निवडही झाली होती. मात्र आज अंगठा जुळला नाही, तर नेमणूक रद्द.

“परत लावा, मावशी,” व्यवस्थापक म्हणाले.

“सकाळपासून लावूनच राहिली ना बाप्पा! आता काय कापून देऊ तुले?”

“ठसा का उमटत नाही?” मी विचारले.

त्यांनी हात पुढे केला. बोटांची टोके साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती. “साहेब, उकळत्या पाण्यात कोषावर कुंचा फिरवा लागते. धाग्याचं टोक सुटलं का चिमटीत धरा लागते. ठसे त्याच पाण्यात गेले. मशीनले कोण सांगीन?”

“दुसरी सोय नाही का?” मी व्यवस्थापकांना विचारले.

“नियम आपल्याच आराखड्यात आहे, सर. पान चौदा.”

मी पान उघडले. ‘कारागिरांची उपस्थिती केवळ अंगठ्याच्या ठशानेच नोंदवावी.’ वाक्य माझेच. आराखडा आधुनिक दिसावा, एवढ्यासाठी घातलेले.

विषय बदलावा म्हणून व्यवस्थापकांनी आत नेले. कोष उकळायच्या कढईपाशी प्लास्टरची बाई बसवली होती. हातांचा साचा यमुनाबाईंच्याच हातांचा. “बोटं फार सपाट दिसत होती, म्हणून शिल्पकारानं ठसे वरून कोरले,” ते अभिमानाने म्हणाले.

यमुनाबाईंनी त्या बोटांकडे निरखून पाहिले. “मंग हिलेच घ्या ना नोकरीवर. जेवाले बी मांगणार नाही.”

मी हळूच म्हणालो, “बाई, तो नियम मी लिहिला. चूक माझी आहे.”

“तुमीच लिवलं ना? मंग खोडा बी तुमीच. कावून (का) उभे राहिले? मले सही येते.”

मी वाक्य खोडले. ‘सहीही चालेल’ असे लिहिले. व्यवस्थापक घुटमळले. “बदल मंजूर व्हायला आपला अंगठा लागेल, सर.”

मी अंगठा टेकवला. मशीनने पहिल्याच खेपेला हिरवा दिवा दाखवून माझे स्वागत केले. शेजारी यमुनाबाई नव्या वहीत सावकाश, वळणदार सही करत होत्या.

परतीच्या एसटीत खिडकीतल्या उजेडात मी अंगठा पाहत राहिलो. एकेक रेघ स्वच्छ, ठळक. चोपन्न वर्षांत एकही झिजली नव्हती.