वर्ष कुणी चुकवलं

तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, प्राप्तिकर खात्याचा मेसेज आला तेव्हा त्यांनी मला फोन करून आधी विनोद केला. पोर्टलवर मराठीत ‘थकीत मागणी’ असं दिसत होतं. “मला मागणी आलीय, ह्या वयात,” ते म्हणाले. मी शाळेच्या कार्यालयात पगारपत्रकं तपासत होते. हसले, आणि वहीत लिहिलं: तात्या, नोटीस, शनिवार.

शनिवारी बारामतीहून निरवांगीला त्यांच्याकडे पोचले तोवर विनोद संपला होता. चेकबुक, पासबुक आणि एटीएम कार्ड त्यांनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तयार ठेवलं होतं. पिशवी माझ्याकडे सरकवत म्हणाले, “आता तूच बघत जा. मला न्हाय जमत.”

तात्या पाटबंधारे खात्यात कारकून होते. पेन्शन आणि ठेवींचं व्याज मिळून दरवर्षी थोडा कर बसतो. विवरणपत्र मी भरते, पण चलन ते स्वतः मोबाइलवर तयार करतात आणि पैसे भरायला एसटीनं इंदापूरला बँकेत जातात. आई गेल्यापासून दर मंगळवारची बँकेची फेरी एवढंच त्यांचं बाहेर पडणं उरलंय. पिशवी माझ्याकडे आली की तेही थांबणार, हे मला दिसत होतं. पण वाद घालायचं त्राण नव्हतं. पिशवी घेतली.

कर भरलाच नाही, आता व्याजासकट भरा, असं नोटीस म्हणत होती. बँकेचा शिक्का मारलेलं चलन तर आमच्या हातात होतं. तासभर दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितल्यावर घोळ सापडला. तेवीस-चोवीस सालच्या उत्पन्नाचं करनिर्धारण वर्ष पुढचं, म्हणजे चोवीस-पंचवीस धरतात. चलनावर तेवीस-चोवीस पडलं होतं. पैसे सरकारकडे पोचले होते, पण भलत्या वर्षाच्या नावावर.

“म्हंजी पाणी सुटलं, पण दुसऱ्याच चारीला गेलं,” तात्या म्हणाले. मग चलन पुन्हा उचललं. वर्ष आपणच निवडलं, आता डोकं चालत नाही, असं दोनदा म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

पोर्टलवर वर्ष बदलायची मुदत केव्हाच संपली होती. आता मागणी मान्य नसल्याचं ऑनलाइन उत्तर द्यायचं आणि शिवाय प्राप्तिकर कार्यालयात लेखी अर्ज. उत्तर मी रविवारी देऊन टाकलं. मंगळवारी दुपारी तात्यांना फोन केला, तर ते घरीच होते.

त्या संध्याकाळी अर्जासाठी तारखा हव्यात म्हणून मी गेल्या वर्षीची वही काढली. जुलैच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: तात्यांना फोन, चलनावर २३-२४ टाका. पुढे बरोबरची खूण.

ॲडमिशनच्या गर्दीत त्यांनी फोन करून विचारलं असणार आणि मी तोंडाला येईल ते सांगून खूण केली असणार. मला आठवतसुद्धा नाही. अर्जात ‘नजरचुकीने’ लिहिलं असतं तर नजर कुणाची, हे कुणी विचारलं नसतं. निरवांगीची आणखी एक फेरी वाचली असती. वही दोन दिवस तशीच टेबलावर पडून होती.

शनिवारी वही आणि पिशवी घेऊन गेले. तात्यांनी चष्मा लावून ते पान वाचलं.

“अक्षर तुझंच हाय.”

“हो.”

“म्हंजी मी इचारलं व्हतं.”

“विचारलं होतं. मीच चुकीचं सांगितलं.”

ते पुन्हा पानाकडे वळले. “वर बरोबरची खूणबी केलीस.”

पिशवी त्यांनी उचलून कपाटात ठेवली आणि कोरा कागद मागितला. अर्ज लिहिण्यातच त्यांची उभी हयात गेलेली, मजकूर सांगावा लागला नाही. ‘नजरचुकीने’ लिहा, असं मी एकदाच सुचवलं.

“अर्जात खरं कारण लिवायचं,” ते म्हणाले आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘माझ्या मुलीने फोनवर चुकीचे वर्ष सांगितल्यामुळे’.

तो अर्ज अर्ध्या दिवसाची रजा टाकून मीच कार्यालयात नेला. तिथल्या कारकुनानं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मुलगी कुठं असते, त्यानं विचारलं. मीच ती, म्हटलं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला.

मागणी अजून पोर्टलवरून गेलेली नाही. आठवड्यातून एकदा बघायचं, असं मी वहीत लिहिलं होतं, पण त्याची गरज पडत नाही. मंगळवारी बँकेचं काम झालं की तात्या इंदापूरच्या स्टँडवर बसून स्वतःच पोर्टल उघडतात आणि मला फोन करतात. “अजून तसंच हाय. तू काय करू नको, मी बघतोय.”